क्रीडावृत्ताचा आरंभ आणि लोकप्रिय संदर्भ : वरंध खोऱ्याच्या अनुषंगाने

१. प्रस्तावना

मराठी गद्याच्या अभ्यासात कथा, कादंबरी, ललित निबंध, चरित्र या प्रकारांना जे स्थान मिळाले ते वृत्तपत्रीय लेखनाला मिळाले नाही; आणि वृत्तपत्रीय लेखनातही अग्रलेख व स्तंभ यांची जेवढी चर्चा झाली तेवढी क्रीडावृत्ताची झाली नाही. वास्तविक क्रीडावृत्त हे आख्यानाचे एक लहान पण बांधेसूद रूप आहे. त्यात पात्रे असतात, संघर्ष असतो, काळाची निश्चित चौकट असते आणि लेखणी हाती घेण्यापूर्वीच शेवट घडून गेलेला असतो. घडून गेलेल्या या शेवटाकडे वाचकाला कोणत्या दाराने न्यावे, हा प्रश्न क्रीडावार्ताहरापुढे रोज उभा राहतो. या प्रश्नाचे एक रूढ उत्तर म्हणजे वाचकाच्या ओळखीचा एखादा संदर्भ पहिल्याच वाक्यात आणणे. हा संदर्भ पोवाड्यातील असेल, चित्रपटातील असेल, नाटकातील असेल किंवा जाहिरातीतील असेल.

प्रस्तुत लेखात या आरंभपद्धतीचा विचार महाड व पोलादपूर तालुक्यांतील वरंधच्या परिसराला समोर ठेवून केला आहे. या निवडीला कारण आहे. मराठी क्रीडावृत्ताच्या आरंभी वारंवार येणारे काही संदर्भ मुळात याच भूमीशी जोडलेले आहेत. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून ओळखले जाते व तेथे त्यांची समाधी आहे. हिरकणीची कथा ज्या रायगडाशी निगडित आहे तो महाड तालुक्यात आहे. वरंध घाट चढून गेले की भोरचा प्रदेश लागतो; बाजीप्रभू देशपांडे त्या बाजूच्या हिरडस मावळातले. इतर ठिकाणच्या वाचकाला जो लोकप्रिय संस्कृतीचा भाग वाटतो, तो या खोऱ्यातील वाचकाला शेजारच्या गावाचा भाग असतो. त्यामुळे संदर्भ सार्थ आहे की केवळ सवयीने आला आहे, याची पारख येथे अधिक काटेकोरपणे होऊ शकते.

आरंभी आणलेला लोकप्रिय संदर्भ हे एक ऋण आहे आणि ते सामन्यातील एखाद्या नेमक्या तथ्याने त्याच वृत्तात फेडले गेले पाहिजे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. ऋण फिटले नाही तर त्याची झळ वार्ताहराला लागत नाही. ती खेळाडूला आणि वाचकाला लागते.

२. संदर्भाचे तीन थर

क्रीडावृत्तातील संदर्भांचे स्थूलमानाने तीन थर पाडता येतात. पहिला थर वाक्प्रचार बनून गेलेल्या संदर्भांचा. शेवटच्या फलंदाजाने ‘खिंड लढवली’, संघाने आपला ‘बालेकिल्ला’ राखला, नवख्या ‘शिलेदारांनी’ बाजी मारली, अशी वाक्ये लिहिताना वार्ताहराला आणि वाचताना वाचकाला १६६० साल आठवतेच असे नाही. बाजीप्रभूंची खिंड येथे भाषेत विरघळली आहे. अशा संदर्भाला स्वतंत्र ऋण मानण्याचे कारण नाही; तो भाषेचा सामायिक ठेवा झाला आहे. मात्र एखादा नवा चित्रपट असा विरघळलेला संदर्भ पुन्हा जागा करू शकतो. ‘पावनखिंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाल्यावर ‘खिंड लढवली’ हे शब्द ज्या तरुण वाचकाने वाचले, त्याच्या डोळ्यांसमोर वाक्प्रचाराऐवजी पडद्यावरचे दृश्य येणे शक्य आहे.

दुसरा थर जाणीवपूर्वक ओळखल्या जाणाऱ्या पारंपरिक संदर्भांचा. ‘गड आला पण सिंह गेला’ हे त्याचे ठळक उदाहरण. हे शब्द येताच वाचक क्षणभर सामना सोडून दुसऱ्या कथेत जातो आणि परत येतो. या ये-जा करण्यातच संदर्भाचे सामर्थ्य असते.

तिसरा थर कालबद्ध संदर्भांचा. यात मुख्यत्वे चित्रपट, दूरचित्रवाणी व जाहिरात यांचा समावेश होतो. ‘शोले’ १९७५ मध्ये आला. त्यातील गब्बर हे नाव पुढे क्रिकेटपटू शिखर धवन याला चिकटले आणि चित्रपट न पाहिलेल्या पिढीपर्यंतही पोचले. ‘बाहुबली’चा पहिला भाग २०१५ मध्ये व दुसरा २०१७ मध्ये आला, मधल्या काळात कटप्पाविषयीचा प्रश्न सर्वतोमुखी होता. दुसऱ्या भागाने त्याचे उत्तर दिल्यावर त्या प्रश्नावर आधारलेल्या विनोदाचा जोर ओसरला. कालबद्ध संदर्भाचे आयुष्य किती, हे संदर्भाच्या लोकप्रियतेवर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या रचनेवरही असते. पात्र टिकते, प्रसंग काही काळ टिकतो, कोडे मात्र सुटताच संपते. वृत्तपत्र एका दिवसाचे असते म्हणून वार्ताहराने याची चिंता करू नये, असे म्हणता येईल. परंतु गावच्या संघाच्या विजयाचे कात्रण घरातील पेटीत वर्षानुवर्षे राहते आणि पुढची पिढी ते वाचते, हेही विसरता येत नाही.

३. एका वाक्याचा प्रवास

दुसऱ्या थरातील प्रमुख उदाहरणाचा प्रवास पाहिला म्हणजे ‘लोकप्रिय संदर्भ’ ही संज्ञा किती गुंतागुंतीची आहे हे ध्यानात येते. कोंढाण्यावरील तानाजींचा मृत्यू ४ फेब्रुवारी १६७० या दिवशीचा. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांचा शोक आला आहे. पण तेथे सिंह नाही. एक गड हाती आला आणि दुसरा गेला, अशा आशयाचा तो उद्गार आहे. म्हणजे तेथे तानाजींनाच गड म्हटले आहे. मिळालेले आणि गमावलेले एकाच जातीचे, अशी ही रचना आहे. ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या मृत्यूपूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते, असे इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा या वाक्यातील सिंह आणि गडाचे नाव यांची लोकमानसात झालेली सांगड ही कागदपत्रांतून आलेली नसून कथनातून आलेली आहे.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने या कथेला रायबाचे लग्न, जिजाबाईंचा सोंगट्यांचा खेळ, घोरपड असे नाट्यपूर्ण घटक दिले. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक पोवाड्यांच्या संग्रहामुळे हा पोवाडा मुद्रित रूपात वाचकांपुढे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीने ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द शीर्षकस्थानी नेले. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सिंहगड’ हा बोलपट काढला. त्यानंतर पाठ्यपुस्तके, शालेय स्नेहसंमेलने, आणि अखेर २०२० मधील ओम राऊत दिग्दर्शित हिंदी चित्रपट ‘तान्हाजी’ अशी ही वाटचाल आहे.

या प्रवासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, क्रीडावार्ताहर हे वाक्य वापरतो तेव्हा तो इतिहासाचा नव्हे तर इतिहासाच्या कथनाचा आधार घेत असतो. शाहीर, कादंबरीकार आणि चित्रपट यांनी घडवलेली ही कथा आहे; म्हणून पोवाडा आणि हिंदी चित्रपट यांच्यात ‘अभिजात’ आणि ‘बाजारू’ अशी सरळ रेषा ओढून एक संदर्भ मान्य व दुसरा अमान्य करणे योग्य ठरत नाही. पोवाडाही आपल्या काळी लोकप्रिय संस्कृतीच होता. दोन, या वाक्याची रचना द्विदल आहे. त्यात प्राप्ती आहे आणि हानी आहे. शिवाय हानी ही प्राप्तीची किंमत आहे. दोन्ही दले आणि त्यांच्यातील कार्यकारणसंबंध सामन्यात असेल तरच हे वाक्य लागू पडते. केवळ विजय झाला म्हणून ‘गड आला’, किंवा प्रमुख खेळाडू लवकर बाद झाला म्हणून ‘सिंह गेला’, असे अर्धे वाक्य उचलणे म्हणजे संदर्भाचे नाणे खरवडून वापरणे होय.

४. ऋण आणि फेड : दोन परंपरा

आरंभीच्या संदर्भाचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकन क्रीडालेखनात सापडते. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर नोत्र दाम विद्यापीठाने लष्करी अकादमीच्या संघाला अमेरिकन फुटबॉलमध्ये १३–७ असे हरवले. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनमधील वृत्तान्तात ग्रँटलँड राइस यांनी नोत्र दामच्या पिछाडीतील चार खेळाडूंना बायबलमधील प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. ही कल्पना थेट धर्मग्रंथातून आली नव्हती. जॉर्ज स्ट्रिकलर हा नोत्र दामचा विद्यार्थी संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहत असे. चार घोडेस्वारांवरील १९२१ चा मूकपट त्याने नुकताच पाहिला होता आणि मध्यंतरात वार्ताहरांसमोर त्याने त्याचा उल्लेख केला होता. म्हणजे क्रीडालेखनातील हा बहुचर्चित आरंभ एका चित्रपटाच्या आठवणीतून जन्मला.

या आरंभाची रचना अभ्यासनीय आहे. राइस दंतकथेतील चार नावे सांगतात आणि लगेच त्यांच्या जागी चार खेळाडूंची खरी नावे ठेवतात : स्टुल्ड्रेहर, मिलर, क्राउली, लेडन. पहिल्या परिच्छेदातच प्रतिपक्षाचा पाडाव झाल्याचेही कळते. ऋण काढल्याबरोबर फेडीला सुरुवात होते. तथापि या संदर्भाने एक गोष्ट झाकलीही. चौघांच्या पुढे उभे राहून वाट मोकळी करणारे सात खेळाडू घोडेस्वारांच्या प्रतिमेत बसत नव्हते. पुढे त्यांना ‘सात खेचरे’ असे विनोदी नाव मिळाले. तेही पहिल्या संदर्भाच्या सावलीतले. संदर्भ जे दाखवतो त्याबरोबर तो काय दृष्टिआड करतो, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. कबड्डीच्या संघात सात खेळाडू असतात आणि वृत्तात बहुधा चढाई करणाऱ्याचेच नाव ठळक होते, ही बाब येथे सहज आठवते.

मराठी परंपरेत या ऋणफेडीचा आदर्श कीर्तनात आहे. नारदीय कीर्तनात बुवा आरंभी श्रोत्यांच्या परिचयाचा अभंग घेतात, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात आणि शेवटी मूळपदावर येतात. आख्यानाने अभंगाचा प्रत्यय दिला नाही तर कीर्तन रंगले नाही असे श्रोते म्हणतात. येथे ओळखीचे वचन हे केवळ लक्ष वेधण्याचे साधन नसते. पुढील सर्व निवेदन त्याला बांधलेले असते. पाश्चात्त्य समीक्षेत ज्यूलिया क्रिस्तेवा यांनी १९६० च्या दशकात मांडलेली आंतरसंहितात्मकतेची संकल्पना एका संहितेचे दुसरीशी असलेले नाते स्पष्ट करते. परंतु त्या नात्यातून निर्माण होणाऱ्या निवेदकाच्या जबाबदारीचे दिग्दर्शन कीर्तनाच्या रचनेत अधिक स्पष्टपणे मिळते.

५. शहरातील क्रीडापृष्ठ आणि खोऱ्यातील सामना

मराठी वृत्तपत्रांत क्रीडापृष्ठाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने ‘महाराष्ट्र टाइम्स’चे वि. वि. करमरकर यांना दिले जाते. क्रिकेटबरोबरच कबड्डी, खो-खो यांसारख्या देशी खेळांची त्यांनी साक्षेपाने दखल घेतली. दुसरीकडे शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी या लेखकांनी क्रिकेट आणि चित्रपट या दोन्ही विषयांवर विपुल लिहिले. कणेकरांच्या ‘माझी फिल्लमबाजी’ व ‘फटकेबाजी’ या एकपात्री कार्यक्रमांची नावेही या दुहेरी नात्याची साक्ष देतात. संझगिरी ज्या ‘एकच षटकार’ या पाक्षिकाशी निगडित होते त्याचे संपादक क्रिकेटपटू संदीप पाटील. १९८५ मध्ये पाटील ‘कभी अजनबी थे’ या हिंदी चित्रपटाचे नायकही झाले. या लेखकांच्या पिढीला क्रिकेट आणि चित्रपट ही एकाच नागर जीवनाची दोन अंगे होती. त्यामुळे त्यांच्या लेखनात एका क्षेत्राचा संदर्भ दुसऱ्यात येणे स्वाभाविक होते. अनुकरण करणाऱ्यांनी संदर्भ घेतला, मात्र दोन्ही क्षेत्रांचा त्यामागील व्यासंग प्रत्येकाला साधला नाही.

या शैलीच्या प्रसाराला आणखी एक कारण घडले. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्यांचा विस्तार झाला आणि सकाळी वृत्तपत्र उघडणाऱ्या वाचकाला निकाल आदल्या रात्रीच कळू लागला. निकाल सांगणे हे वृत्ताचे पहिले काम उरले नाही. मग पहिल्या वाक्याची रिकामी झालेली जागा वातावरणाने, विनोदाने किंवा संदर्भाने भरली जाऊ लागली. १३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सवर भारताने ३२६ धावांचे लक्ष्य गाठून इंग्लंडला दोन गडी राखून हरवले, तेव्हा आदल्या वर्षीचा ‘लगान’ आठवणे साहजिक होते. इंग्रज प्रतिपक्ष, धावांचा पाठलाग, जवळजवळ हातचा गेलेला सामना एवढे साम्य त्यात होते. पण ‘लगान’मधील खेडूत करमाफीसाठी खेळतात, तर लॉर्ड्सवरचे खेळाडू व्यावसायिक होते. संदर्भ आणताच एका प्रायोजित स्पर्धेला वसाहतकालीन लढ्याचा रंग चढतो. हा रंग चढवावयाचा की नाही, हा निर्णय वार्ताहराने जाणून घ्यावा लागतो. तो आपोआप होऊ देणे इष्ट नव्हे.

आता वरंध खोऱ्यातील कबड्डीचा सामना पाहावा. गावजत्रेच्या किंवा होळीच्या सुमारास, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होतात. गावाचे चाकरमानी मुंबई-पुण्याला असतात. त्यांना सर्वप्रथम हवे असते ते एवढेच : कोण जिंकले, किती गुणांनी, आणि आपल्या वाडीतला मुलगा कसा खेळला. या वाचकाच्या बाबतीत निकाल आधी माहीत असण्याची अट बहुधा पूर्ण होत नसे. आज यूट्यूबवरून स्थानिक स्पर्धांचेही थेट प्रक्षेपण होऊ लागले असले तरी प्रत्येक सामना तसा पोचत नाही. अशा स्थितीत शहरी क्रीडापृष्ठावरील आरंभ जसाच्या तसा उचलला, तर ज्या कारणासाठी तो घडला होता ते कारण मागे राहते आणि केवळ उशीर तेवढा हाती येतो. निकालासाठी वाचकाला चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत थांबावे लागते.

प्रो कबड्डी लीगने २०१४ पासून या प्रश्नाला नवे परिमाण दिले. ‘पुणेरी पलटण’, ‘यू मुंबा’, ‘जयपूर पिंक पँथर्स’ ही संघनामेच लोकप्रिय संस्कृतीची भाषा बोलतात. ‘सुपर टॅकल’, ‘डू ऑर डाय रेड’ हे शब्द गावच्या मैदानावरही ऐकू येतात. चढाई, पकड, लोण, निदानरेषा ही जुनी संज्ञावली आणि ही नवी संज्ञावली एकाच वृत्तात शेजारी बसतात. वार्ताहराला आता बाहेरून संदर्भ आणावा लागत नाही. तो खेळातच शिरलेला आहे. म्हणून निवडीची जबाबदारी अधिकच वाढते.

६. दोन आरंभांची तुलना

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित सामना घेऊन रचलेले दोन आरंभ पुढे दिले आहेत. पहिला असा :

“कोंढाण्याचा कडा चढणाऱ्या मावळ्यांची आठवण व्हावी अशी झुंज काल रात्री रसिकांनी अनुभवली. गड आला पण सिंह गेला, हीच भावना प्रत्येकाच्या मनात होती. यजमानांच्या ढाण्या वाघांनी पाहुण्यांना चारी मुंड्या चीत केले.”

या तीन वाक्यांत गुणसंख्या नाही, संघाचे नाव नाही, गेलेला सिंह कोण याचा पत्ता नाही. सिंहापाठोपाठ वाघ आले आहेत आणि कबड्डीच्या सामन्यात कुस्तीची चीतपट आली आहे. ‘प्रत्येकाच्या मनात’ काय होते हे वार्ताहराने कसे जाणले, हेही कळत नाही. हा आरंभ कोणत्याही गावच्या कोणत्याही सामन्याला लावता येईल. आणि जो सर्वांना लागू पडतो तो कोणाचाच राहत नाही. दुसरा आरंभ असा :

“गड आला, पण सिंहाला चौघांनी उचलून दवाखान्यात न्यावे लागले. यजमान संघाने अंतिम सामना ३१–२८ असा जिंकला तेव्हा करंडक घ्यायला कर्णधार मैदानावर नव्हता. दुसऱ्या डावाच्या चौदाव्या मिनिटाला चढाई करून परतताना त्याचा गुडघा मुरगळला. त्या वेळी संघ २७–२२ असा पुढे होता. पुढच्या चार मिनिटांत ही आघाडी एका गुणावर आली; ती डाव्या कोपरारक्षकाच्या लागोपाठ दोन पकडींनी सावरली.”

येथेही संदर्भ तोच आहे. परंतु दुसऱ्याच वाक्यात निकाल येतो, तिसऱ्यात हानी येते, चौथ्या-पाचव्यात त्या हानीची किंमत गुणांत मोजून दाखवली जाते. वाक्याची दोन्ही दले सामन्यात सापडतात. शिवाय प्रमाणाचे भानही राखले आहे. मृत्यू आणि मुरगळलेला गुडघा यांतील अंतर वार्ताहराला ठाऊक आहे, हे ‘दवाखान्यात’ या साध्या शब्दाने सूचित होते. वीररसाला किंचित स्मिताची किनार येते आणि कर्णधाराविषयीची आस्था उणावत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संदर्भाच्या झोताबाहेर राहिला असता असा कोपरारक्षक पहिल्या परिच्छेदातच येतो.

या तुलनेतून एक साधी कसोटी हाती लागते. संदर्भाचे वाक्य काढून टाकून उरलेला परिच्छेद वाचावा. पहिल्या नमुन्यात ते काढले तर काहीच उरत नाही, म्हणजे संदर्भ वृत्ताच्या जागी बसला होता. दुसऱ्यात सर्व तथ्ये शाबूत राहतात. हरवते ती विजय आणि हानी यांना एका दृष्टिक्षेपात जोडणारी गाठ. संदर्भाने एवढेच काम करावयाचे असते.

७. हिरकणीचे उदाहरण

महिला खेळाडूंच्या बाबतीत या प्रश्नाला सामाजिक बाजू आहे. रायगडाच्या परिसरात जिद्दी स्त्रीसाठी हिरकणीची उपमा जिभेवर असते. २०१९ मधील ‘हिरकणी’ या चित्रपटाने ती आणखी दूरवर नेली. ही कथा तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरणाऱ्या आईची आहे. तिचे केंद्र वात्सल्य आहे. कबड्डीपटू मुलगी प्रतिस्पर्ध्याचा घोटा अचूक पकडते तेव्हा तिच्यामागे असतो तो सराव, पायांची ठेवण, अंतराचा अंदाज आणि साथीदाराशी साधलेला मेळ. तिला सरसकट हिरकणी म्हटल्याने गौरव होतो असे वाटते, पण तिचे कौशल्य मातृत्वाच्या प्रतिमेत लुप्त होते. पुरुष खेळाडूला तानाजी म्हटले तर निदान लढण्याचे कर्म तरी सामाईक असते. येथे तेही नसते.

याचा अर्थ हिरकणीचा संदर्भ वर्ज्य आहे असा नाही. मूल झाल्यावर मैदानावर परतलेल्या खेळाडूच्या वृत्तात तो पूर्ण अर्थाने लागू पडेल. ‘दंगल’ या २०१६ च्या चित्रपटाचेही तसेच आहे. वडिलांनी घडवलेल्या मुलीची ती कथा असल्यामुळे, ज्या मुलीने घरच्यांच्या विरोधात खेळ चालू ठेवला तिच्या विजयाच्या आरंभी तो संदर्भ आणला तर वस्तुस्थिती उलटी होते. संदर्भ निवडताना कथेचे नाव पुरेसे नसते. कथेतील नाती कोणती आहेत हेही पाहावे लागते.

८. स्मृतीची मर्यादा

काही शब्द कथेतून आलेले नसतात, जगण्यातून आलेले असतात. क्रिकेटच्या वृत्तात फलंदाजीची ‘दरड कोसळली’, धावांचा ‘महापूर आला’ अशा प्रतिमा आरंभी सहज येऊन जातात. सपाट प्रदेशातील वाचकाला त्या निरुपद्रवी वाटतील. पण जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुराखाली गेले. या तालुक्यांत वाचल्या जाणाऱ्या पानावर ‘दरड’ हा अलंकार राहत नाही.

येथे लोकप्रिय संदर्भ आणि स्थानिक स्मृती यांतील भेद स्पष्ट होतो. तानाजींचा मृत्यूही शोकाचाच प्रसंग; परंतु साडेतीनशे वर्षांच्या कथनाने त्या शोकाला सामायिक रूप दिले आहे आणि तो उच्चारण्याचा अधिकार सर्वांना आहे. तळियेच्या शोकाला असे रूप आलेले नाही. त्याची माणसे अजून आपल्या घरांविषयी बोलत असतात. क्रीडावृत्ताच्या आरंभासाठी तो शब्द उसना घेणे हे फेडता न येणारे ऋण आहे, कारण कोणत्याही सामन्यात त्या तोलाचे तथ्य सापडणार नाही. पोवाड्यातील मृत्यू उपमेला चालतो आणि गेल्या पावसाळ्यांतील मृत्यू चालत नाही, याचे कारण काळाचे अंतर एवढेच नव्हे. मधल्या काळात कोणी तरी ते कथन घडवून समाजाच्या स्वाधीन केलेले असते, हे आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

पदवी व पदव्युत्तर वर्गांत वृत्तलेखन शिकवताना आरंभाचे प्रकार नावानिशी पाठ करून घेण्याची पद्धत आढळते. त्याऐवजी विद्यार्थ्यांना आपापल्या तालुक्याच्या वृत्तपत्रांतील क्रीडावृत्ते गोळा करावयास सांगून त्यांच्या आरंभाला चार प्रश्न विचारता येतील. आणलेल्या कथेची रचना कोणती आणि ती सामन्यात आहे काय? निकाल व खेळाडूचे नाव कितव्या वाक्यात येते, आणि या वाचकाला निकाल आधी ठाऊक असण्याचा संभव किती? संदर्भामुळे कोणता खेळाडू दिसतो व कोणता दिसेनासा होतो? आणि ज्या गावात हे पान वाचले जाईल तेथे या शब्दाची आठवण कथेची आहे की घराची? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वृत्त व सामन्याची गुणपत्रिका शेजारी ठेवून मिळू शकतात. चौथ्यासाठी विद्यार्थ्याला त्या गावात जावे लागेल.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात बखर, पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी स्वतंत्रपणे शिकवल्या जातात. सभासदाच्या उद्गारापासून आपट्यांच्या शीर्षकापर्यंत आणि तेथून एखाद्या तालुका पातळीवरील कबड्डी सामन्याच्या पहिल्या वाक्यापर्यंतची वाट एकाच तासात दाखवली, तर वाङ्मयेतिहास हा मागे संपलेला विषय नसून रोजच्या लेखनात चालू असलेला व्यवहार आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. उमरठ, रायगड आणि वरंध घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत अशा विद्यार्थ्यांपासून या अभ्यासाला आरंभ करणे सर्वाधिक फलदायी ठरेल; कारण उसना संदर्भ कोठे खरा लागतो आणि कोठे पोकळ वाजतो, हे त्यांच्या कानाला आधी कळते.